पेढीवरून : शेरवानीचा हिशेब



चातुर्मास संपला, तुळशीची लग्ने लागली, की आमच्या नगरच्या कापडबाजारात गर्दीला भरते येते. चाळीस वर्षांहून अधिक काळ मी ही गर्दी गादीवर बसून पाहत आलो आहे. पूर्वी लग्नाच्या बस्त्यात वधूचा शालू आणि मानपानाच्या साड्या यांना पहिला मान असे. नवरदेवाचा कपडा शेवटच्या अर्ध्या तासात उरकला जाई. माझ्या स्वतःच्या लग्नात माझ्या अंगावर टेरिलीनचा सूट होता आणि डोक्याला फेटा. आज बस्त्यातला सर्वांत महाग नग पुष्कळदा वराचा असतो. हळदीला कुर्ता, संगीताला बंदगळा, फेऱ्यांना शेरवानी, स्वागतसमारंभाला आणखी काही. या भरजरी कपड्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. एका घरगुती प्रसंगाने ते लिहिणे भाग पाडले.

माझ्या पुतण्याच्या मुलाचे लग्न मार्गशीर्षात ठरले होते. घरची मंडळी पुण्याला जाऊन त्याची शेरवानी पसंत करून आली. मोतिया रंगाचे रॉ सिल्क, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत जरदोजीचे काम. विसारही देऊन झाला. दोन दिवसांनी नातू एकटाच माझ्याकडे आला आणि बराच वेळ काही न बोलता बसून राहिला. होणाऱ्या सुनेचा रेशीम न वापरण्याचा नियम आहे, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. तिने वराकडच्यांपुढे कोणतीही अट ठेवली नव्हती. फोनवर बोलता बोलता तिने एवढेच विचारले होते, की तुमच्या शेरवानीत किती कोश असतील?

‘‘दादाजी, तुम्ही जन्मभर कापड विकलंत,’’ नातू म्हणाला, ‘‘किती असतील?’’

समोर उभ्या माणसाकडे नुसते पाहून त्याला किती मीटर कापड लागेल हे मी सांगू शकतो. ताक्यावर बोटे फिरवून पन्हा, वीण आणि भाव सांगू शकतो. या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. एक किलो कच्च्या रेशमाला, कोशांच्या जातीनुसार, साधारण चार ते सहा हजार कोश लागतात. शेरवानीला ४४ इंच पन्ह्याचे चार मीटर कापड धरले, तर त्याचे वजन चारशे-साडेचारशे ग्रॅम भरते. रेशीम उकळून त्यातला डिंक काढताना होणारी घट वेगळीच. म्हणजे एका शेरवानीसाठी किमान दोन हजार कोश. कोशातला किडा पतंग होऊन बाहेर पडला, तर कोशाला भोक पडते आणि सुमारे एक किलोमीटर लांबीचा सलग धागा तुटतो. तो तुटू नये म्हणून किडा आत असतानाच कोश वाफेवर किंवा गरम हवेत ठेवतात. रेशमाची जी सलग, गुळगुळीत चमक आपण बोटांनी पारखतो, ती या एका कृतीतून येते. हे मला माहीत नव्हते असे नाही. हिशेब मात्र मी कधी मांडला नव्हता. ज्या घरात पाणी गाळून घेतात आणि सूर्यास्तापूर्वी ताट वाढतात, त्या घरातल्या नवरदेवाच्या अंगावर दोन हजार कोश, ही नोंद माझ्या कोणत्याही वहीत नव्हती.

सकाळी आकडा ऐकून पुतण्या म्हणाला, ‘‘काका, मग लग्नाच्या दिवशी मुलानं साधा सुती झब्बा घालायचा का? लोक काय म्हणतील?’’

त्याची चिंता खोटी नव्हती. लग्नाचा कपडा शोभिवंत असावा, ही इच्छा वाईट नाही. आपल्या श्वेतांबर मूर्तिपूजक घरांतही उजमण्याच्या वेळी मखमलीवर जरीने भरलेले छोड आणि पुठिये मोठ्या भावाने अर्पण केले जातात. सुईने काढलेल्या सोन्याचांदीच्या वेलबुट्टीचे कौतुक आपल्याला पिढ्यान् पिढ्या आहे. म्हणून मी पुतण्याला विचारले, ‘‘त्या शेरवानीत तुला नेमके काय आवडले? कापड की काम?’’ क्षणभर विचार करून तो म्हणाला, ‘‘काम.’’

येथेच गाठ सुटली. भरजरी शेरवानीची शोभा तिच्या कामात असते, आणि त्या कामाला रेशीम लागतेच असे नाही.

जरदोजी हा शब्द फारसी आहे; जर म्हणजे सोने आणि दोजी म्हणजे शिवण. लाकडी चौकटीवर, म्हणजे कारचोबावर, कापड ढोलाच्या चामड्यासारखे ताणून बसवतात. कारागीर त्या चौकटीला अड्डा म्हणतात. नक्षी आधी कागदावर काढून तिच्या रेषांवर सुईने बारीक भोके पाडतात. हा झाला खाका. तो कापडावर ठेवून वरून रॉकेलमध्ये कालवलेली खडू किंवा निळीची पूड फिरवली, की नक्षी कापडावर उमटते. मग सुरू होते भरणे. दबका, कोरा, नक्षी, सलमा ही नावे निरनिराळ्या तऱ्हेच्या तारेच्या बारीक स्प्रिंगांची आहेत. कारागीर तिचे हवे तेवढे तुकडे कापतो, मण्यासारखे सुईत ओवतो आणि एकेक करून टाचतो. या स्प्रिंगांत धागा नसतोच, नुसती धातूची तार असते. फुलाला उठाव यावा म्हणून खाली सुती दोऱ्याचा भराव देतात. कसब म्हणजे जरीचा धागा तेवढा विचारून घ्यावा. सुरतेच्या अस्सल जरीत चांदीची चपटी तार रेशमाच्या धाग्यावर गुंडाळून वर सोन्याचा मुलामा देतात. तांब्याच्या तारेवर चांदी चढवलेल्या जरीत गाभा बहुधा सुती किंवा कृत्रिम धाग्याचा असतो. आणि ‘रेशमी भरतकाम’ म्हणून जे यंत्रावरचे काम विकले जाते, त्यातला धागा पुष्कळदा व्हिस्कोजचा असतो, जे लाकडाच्या लगद्यापासून बनते.

हे सांगताना माझी एक जुनी चूक लपवणे बरे नाही. मी नुकताच गादीवर बसू लागलो होतो, तेव्हाची गोष्ट. एक शिक्षक मुलाच्या लग्नाच्या कोटासाठी कापड घ्यायला आले. मी त्यांना एक ताका ‘शुद्ध रेशीम’ म्हणून दाखवला आणि त्याच भावाने कापड दिले. संध्याकाळी वडिलांनी त्या ताक्याचा एक धागा ओढून काडीपेटीने जाळला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे चुरडणारी राख राहते. हा धागा कागदासारखा जळला. आर्ट सिल्क होते. वडील म्हणाले, ‘‘उद्या जाऊन फरक परत दे.’’ मी गेलो नाही. गिऱ्हाईक हसेल याची लाज वाटली. पुढे कितीतरी वर्षांनी एका संवत्सरीला मी त्यांच्या दारी गेलो, तेव्हा गुरुजी हयात नव्हते. मुलाला सर्व सांगितले, क्षमा मागितली आणि फरकाची रक्कम पुढे केली. त्याने ती घेतली नाही. आजही ती माझ्या खात्यावर येणे नसून देणे आहे, असे मी समजतो. त्या कापडासाठी एकही जीव गेला नव्हता. खोटा होता तो माझा शब्द. तेव्हापासून आमच्या पेढीवर धागा गिऱ्हाइकासमोर जाळून दाखवण्याची रीत आहे. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो, सूत आणि व्हिस्कोज कागदासारखे जळतात, रेशीम केसासारखे. कापड रेशमाचे नसेल, तर ते नाही असे सांगून अभिमानाने विकावे. रेशीम टाळणाऱ्या गिऱ्हाइकाला तर तीच गोष्ट हवी असते.

‘अहिंसा रेशमा’विषयी आता बरेच जण विचारतात. हैदराबादचे हातमाग खात्यातील अधिकारी कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडू देऊन मग उरलेल्या कोशाचे सूत कातण्याची पद्धत रूढ केली, आणि त्यांचे नाव देशभर झाले. हे सूत सलग उलगडलेले नसून कातलेले असते, त्यामुळे चमक थोडी मंद आणि भाव चढा. ईशान्येकडील एरी रेशमाचा कोश मुळातच एका टोकाला उघडा असतो. परंतु एरी म्हटले की हिंसा टळली, असे समजू नये. आसामात एरीचे किडे खाल्लेही जातात. शिवाय तुतीवर पाळलेल्या रेशमाचा पतंग माणसाच्या आश्रयाने इतक्या पिढ्या राहिला आहे, की त्याला उडता येत नाही. मादी काहीशे अंडी घालते आणि त्या सर्वांतून निघणाऱ्या अळ्यांना पाला मिळतोच असे नाही. म्हणून विक्रेत्याच्या एका चिठ्ठीवर विसंबू नये. कोश कोठले, पतंग कोणी सोडले, पुढे अंड्यांचे काय झाले, हे विचारावे. पूजेच्या वस्त्रांबाबत ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे; मी येथे केवळ लग्नाच्या कपड्याविषयी लिहीत आहे.

रेशमाचा प्रश्न सुटला, तरी शेरवानीचा हिशेब पुरा होत नाही. दुसरी बाजू हातांची आहे. नातवाला घेऊन मी मुंबईच्या एका जरदोजी कारखान्यात गेलो. अरुंद जिन्यावरून वर गेल्यावर एक लांबट खोली, जमिनीपासून वीतभर उंच अड्डा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मांडी घालून बसलेले चार कारागीर, सर्व बरेलीकडचे. बरेली, लखनौ, फरुखाबाद ही या कलेची जुनी घरे. लखनौच्या जरदोजीला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. त्यांतले वयाने मोठे कारागीर चष्मा कपाळावर सरकवून आमच्याशी बोलत होते. सतरा-अठरा वर्षांचे असताना बसले ते आजवर अड्ड्यावर. पाठ आणि डोळे आधी जातात, म्हणाले. नातवाने विचारले, पसंत केलेल्या शेरवानीएवढे काम असेल तर किती दिवस लागतील? त्यांनी मोबाइलवरचे चित्र मोठे करून पाहिले, मनाशी मोजले आणि सांगितले, ‘‘चार आदमी, सत्रह दिन.’’

चार गुणिले सतरा, अडुसष्ट. हा आकडा मला दोन हजारांइतकाच महत्त्वाचा वाटतो. भरजरी कपड्याचा भाव मीटरवर किंवा दुकानाच्या दिव्यांवर मोजू नये, दिवसांवर मोजावा. एका कुशल माणसाची दिवसाची रास्त मजुरी काय असावी, हे आपण सर्व धंद्यातली माणसे जाणतो. आपल्या दुकानातल्या जुन्या माणसाला आपण काय देतो, ते आठवावे. त्याला अडुसष्टने गुणावे. त्यात कापड, जरी, शिलाई आणि दुकानदाराचा वाजवी नफा मिळवावा. जो आकडा येईल, त्याच्या निम्म्यात कोणी ‘हाताचे अस्सल काम’ देत असेल, तर दोनपैकी एक गोष्ट खरी असते. एकतर काम यंत्राचे असते, नाहीतर कोणाच्या तरी पोटातून तो निम्मा भाव काढलेला असतो. मुंबई-दिल्लीच्या जरीकामाच्या कारखान्यांतून लहान मुलांची सुटका केल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. १४ वर्षांखालील मुलाला कामाला ठेवण्यास कायद्याने मनाई आहे. पण स्वस्ताईचा आग्रह धरणारे गिऱ्हाईक तो कायदा मोडायला नकळत मदत करते. आणि भाव चढा आहे म्हणून कारागिराला तो मिळाला, असेही गृहीत धरू नये. ते विचारूनच कळते.

यंत्राचे काम वाईट नव्हे. ते यंत्राचे म्हणून, यंत्राच्या भावाने घ्यावे. ओळखायचे असेल तर कापड उलटून पाहावे. यंत्राच्या कामाला मागे खालच्या दोऱ्याची एकसारखी दाट रांग दिसते आणि प्रत्येक बुट्टा दुसऱ्याची तंतोतंत नक्कल असतो. हाताच्या कामात मागे गाठी, एका फुलाकडून दुसऱ्याकडे गेलेले दोरे आणि बुट्ट्याबुट्ट्यांत केसभर फरक असतो.

आता प्रत्यक्ष निवडीविषयी. मार्गशीर्ष-पौषातल्या लग्नाला सुती मखमल शोभते. जरदोजीचे वजन ती चांगले पेलते आणि तिच्यावर जरीला उठाव येतो. सॅटिन विणीचे जाड सुती कापडही उत्तम. त्याची चमक सौम्य असते. वैशाखात लग्न असेल तर मखमलीचा हट्ट नको. बारीक सुती कापडावर लखनवी चिकनकारी करून घेतलेली अचकन घालावी. पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याची टेपची, मुर्री, फंदा आणि जाळी यांचे काम इतके खानदानी दिसते, की जरीची उणीव भासत नाही, आणि नवरदेव घामाने बेजार होत नाही. अस्तर सुती मलमलीचे सांगावे. पुष्कळदा बाहेर सूत आणि आत रेशीम निघते. बटणे शिंपल्याची की धातूची, मोती खरे की काचेचे, मोजडी चामड्याची की कापडाची, तुऱ्यातले पीस कोठले, हेही त्याच वेळी विचारावे. दुकानदाराला राग येत नाही. चार गिऱ्हाइकांनी विचारले की पाचव्यासाठी तो माल आणून ठेवतो, हे मी स्वतःच्या धंद्यावरून सांगतो.

सांगायला हवे ते किमान अडीच-तीन महिने आधी सांगावे. भरतकाम अखंड कापडावर होते आणि मग कापड बेतले जाते, म्हणून मापे आधी पक्की लागतात. लग्न पंधरा दिवसांवर आल्यावर दिलेले काम रात्री जागून पुरे होते, आणि ती रात्र कारागिराच्या डोळ्यांतून जाते. आमच्या घरी तर पुण्याचा विसार सोडून द्यावा लागला. पुतण्याला ते लागले, पण चूक आमची होती. विचारायचे ते विसार देण्याआधी विचारायला हवे होते.

शिंप्याला आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. दोन्ही बाजूंच्या शिवणीत दीड-दोन इंच माया ठेवावी. एवढ्या हातांनी अडुसष्ट दिवस राबून केलेला कपडा एकदा घालून कपाटात टांगला, तर तो खर्च झाला. धाकट्या भावाने, चुलत भावाने घातला, तर ती ठेव झाली. पूर्वी खऱ्या जरीची जुनी वस्त्रे जाळून चांदी काढणारे दारावर येत. कापड जीर्ण झाले तरी मोड मिळे. आजच्या प्लॅस्टिकच्या जरीला मोड नाही, तिची किंमत वापरात आहे. समारंभ झाल्यावर कपडा सावलीत वाऱ्यावर ठेवावा, भरतकाम आत येईल अशी घडी घालून धुवट मलमलीत गुंडाळावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, अत्तर थेट जरीवर मारू नये, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. जरी काळी पडते. वर्षातून दोनदा घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घालावी.

गेल्या महिन्यात लग्न झाले. मोतिया रंगाची सुती सॅटिन, गळपट्टी, छाती आणि बाह्यांच्या कडा जरदोजीने भरलेल्या. काम आधीच्या शेरवानीपेक्षा थोडे कमी करून घेतले, त्यामुळे तिचे वजनही कमी झाले आणि नवरदेव फेऱ्यांच्या वेळी ताठ उभा राहू शकला. मांडवात कोणी काही म्हणाले नाही. दोघा-तिघांनी हात लावून ‘रेशीम कोठले?’ असे मात्र विचारले. नातवाने प्रत्येकाला सांगितले, ‘‘रेशीम नाही, सूत आहे.’’ होणारी सून आता घरची सून झाली आहे. तिने अजूनही त्या विषयावर एक शब्द काढलेला नाही.

त्या शेरवानीची पावती मी मागून घेतली आणि आमच्या घरच्या चोपडीत लावली. कारखानदाराला विनंती करून तिच्यावर दोन ओळी लिहवून घेतल्या : ‘कापड सुती, अस्तर सुती. काम हाताचे, चार कारागीर, १७ दिवस.’ आपल्या घरी यंदा लग्न असेल, तर अशी पावती मागून पाहावी. आणि आपण स्वतः कापडाचे व्यापारी असाल, तर न मागता ती द्यावी.